राहू दिलेला डोळा

चिखलीच्या आसपासची माणसं नारायणराव डॉक्टरांना देवमाणूस म्हणायची, आणि डॉक्टरांना ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला, कोणाला आवडणार नाही? नागपूरला शिकलेला माणूस, डोळ्यांच्या कामात हात बसलेला, मनात आणलं असतं तर नागपुरातच बंगला बांधून राहिला असता. पण गडी आपल्या मुलखात परत आला, दवाखाना काढला, आणि अख्ख्या तालुक्याचे मोतीबिंदू काढत बसला. दुसऱ्या लढाईच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट आहे.

या देवमाणसाला एक नाद होता. दर बाजारच्या दिवशी खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायचे आणि दवाखान्यामागच्या खोलीत ते चिरत, खलत, गाळत बसायचं. त्यांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, त्या पायी किती वेळा डोक्याला हात लावला असेल! गावात तर कुजबुज होती की डाक्टर जादूटोणा करते. डॉक्टर हसायचे आणि खलबत्ता फिरवत राहायचे.

नाद होता तो एका आजाराचा. एका डोळ्याला खोल जखम झाली, तो फुटला, की कधी कधी महिन्या-दीड महिन्यानं दुसरा, ज्याला साधा धक्काही लागलेला नाही असा धडधाकट डोळाही सुजतो, आणि माणूस ठार आंधळा होतो. का होतो, हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. परदेशातल्या काही डॉक्टरांचं म्हणणं होतं की हे बाहेरच्या जंतूचं काम नाही, माणसाचं शरीरच आपला दुसरा डोळा खातं. नारायणरावांना हे पटलं होतं. त्यावर उपाय एकच होता. फुटका डोळा पंधरवड्याच्या आत काढून टाकायचा, म्हणजे चांगला वाचतो. पण गोम अशी, की दुसरा डोळा सगळ्यांचाच जातो असं नाही, फार थोड्यांचा जातो. म्हणजे त्या थोड्यांपायी बाकीच्यांच्याही खोबणी रिकाम्या करायच्या.

कोणाचा जाणार, हे आधीच कळलं तर? डॉक्टरांनी त्यासाठी एक परीक्षा शोधली होती. बकऱ्याच्या डोळ्याच्या आतला काळा थर खलून, गाळून, त्याचा थेंब रोग्याच्या दंडावर कातडीखाली टोचायचा. दोन दिवसांनी तिथं लाल गाठ आली तर शरीर डोळ्यावर उलटलं. नाही आली तर घाबरायचं कारण नाही. आतापर्यंत ज्यांचा दुसरा डोळा सुजला होता अशा काही जणांना त्यांनी टोचून पाहिलं आणि प्रत्येकाला गाठ आली. डॉक्टरांना तर आभाळ ठेंगणं झालं. आता उरलं होतं ते उलटं सिद्ध करणं. गाठ नसलेल्या माणसाचा फुटका डोळा तसाच ठेवायचा आणि दुसरा सुखरूप राहिलेला दाखवायचा. पण असा डोळा राहू देणार कोण?

त्या माघात कडूबा आला. अमडापूरकडच्या एका खेड्यातला, चांगला उंचापुरा शेतकरी. कापूस वेचून झाल्यावर शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटत होता. एक पऱ्हाटी अडकली, याने जोर लावला, ती मोडली आणि तिचं टोक डाव्या डोळ्यात घुसलं. बरोबर त्याची बायको झुंबरबाई आणि धाकटा भाऊ उकंडराव होते. डॉक्टरांनी डोळा तपासला. त्यात आता उजेडसुद्धा कळत नव्हता. तो गेलाच होता, प्रश्न उजव्याचा होता.

डॉक्टरांनी त्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. ते त्यांना फार छान जमायचं, यात शंका नाही. म्हणाले, गावाचा जागल्या कसा, चोर दिसला की काठी घालतो. आपल्या शरीरातही तसा जागल्या आहे. पण डोळ्याच्या आतला काळा पडदा म्हणजे कधी उंबरा न ओलांडलेली घरातली बाई. जागल्याने तिचं तोंड कधी पाहिलेलं नसतं. घराची भिंत पडली, बाई बाहेर आली, की जागल्या तिला चोर समजून मारतो. आणि एकदा ते तोंड ध्यानात राहिलं, की दुसऱ्या घरात घुसून तिथल्या बाईलाही मारतो. झुंबरबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तिने विचारलं, मग जागल्याला कोणी सांगत काऊन नाही? त्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, तेच तर शोधून राहिलो आहे.

त्यांनी दंडावर टोचलं आणि दोन दिवसांनी बोलावलं.

आता कडूबाची अडचण ऐका. कडूबा गावचा भगत होता. चैती पुनवेला त्यांच्या देवाची जत्रा असायची, तेव्हा बारा गाड्या एकीला एक जोडून, त्यांत माणसं भरून, कमरेला दोर बांधलेला भगत त्या ओढायचा. हा मान त्यांच्या घराण्याचा. पण भगत अव्यंग पाहिजे. आंधळा का होईना, डोळा खोबणीत असला तर चालत असे. खोबण रिकामी झाली की मान गेला. हे सगळं कंपाउंडरनं डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं.

दोन दिवसांनी तिघं परत आले. दंड स्वच्छ होता, गाठ नाही की लाली नाही. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिला. उकंडरावाच्या मनगटाला हळदीचा ताजा दोरा होता, तोही त्यांना दिसला. घरात लग्नकार्य असेल, असं त्यांना वाटलं.

कडूबा खाली बघत म्हणाला, "डाक्टरसाहेब, जत्रेपावतर राहू देला तं चालन का?"

त्याने नुसतं विचारलं होतं. हट्ट केला नाही, पाय धरले नाहीत. आणि डॉक्टरांना ठाऊक होतं की आपली परीक्षा अजून कच्ची आहे, या माणसाचा एकच डोळा उरला आहे, आणि फुटका डोळा काढायचा पंधरवडा सरत चालला आहे. पण समोर तो स्वच्छ दंड होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस आपल्या पायांनी चालत आला होता.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "राहू दे."

चैती पुनवेला डॉक्टर स्वतः जत्रेला गेले. हळदीनं माखलेल्या कडूबानं बारा गाड्या अशा ओढल्या की लोक बघतच राहिले. डॉक्टरांनी नारळ फोडला, डोळा काढायचं नाव काढलं नाही, आणि मनातल्या मनात आपल्या लेखाचा मजकूर जुळवत घरी आले.

वैशाखात कडूबाच्या उजव्या डोळ्याला उजेड सोसेना. धावतपळत दवाखान्यात आणला तोवर डोळा लाल झाला होता आणि समोरची बोटं धूसर दिसत होती. डॉक्टरांनी दंडावर पुन्हा टोचलं, आणि आता सुपारीएवढी गाठ आली. डावा डोळा त्याच दिवशी काढला, पण आता काढून काय उपयोग? थेंब घातले, शेक दिला, गोळ्या दिल्या, नागपूरला आपल्या गुरूंकडे नेलं. गुरूंनीही डोळा तपासून हात टेकले. आषाढ लागेपर्यंत कडूबाला दिवस आणि रात्र सारखी झाली.

डॉक्टरांनी लेख लिहिलाच. परीक्षा फसली, आधी कोरा निघालेला दंडही नंतर उलटतो, तिच्या भरवशावर कोणी डोळा ठेवू नये, हे त्यांनी स्वच्छ कबूल केलं. लेख कलकत्त्याच्या एका वैद्यकीय मासिकात छापून आला आणि मोठमोठ्यांनी त्यांच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली. त्यात एक वाक्य होतं, की रोग्याने धार्मिक रूढीमुळे शस्त्रक्रियेस नकार दिला. ते खोटं आहे असं डॉक्टरांना खरंच वाटत नव्हतं. मी काढू म्हटलं असतं तरी त्या घरच्यांनी ऐकलं नसतं, असं त्यांनी सोजराबाईंना सांगितलं, कंपाउंडरला सांगितलं, आणि झोप येत नसे तेव्हा स्वतःला सांगितलं. माणसाला जगायला काहीतरी लागतंच ना.

पुढच्या चैतात ते पुन्हा जत्रेला गेले. न जाणं बरं दिसलं नसतं. गाड्या या वर्षी उकंडराव ओढत होता. देवळाच्या ओट्यावर कडूबा बसला होता, गाड्यांच्या आवाजाकडे मान वळवून, आणि त्याच्याशेजारी झुंबरबाई. डॉक्टर जवळ बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, उकंडराव फार लवकर तयार झाला.

"लवकर कायचं जी," कडूबा म्हणाला. "तो तं मांगच्याच साली तयार होता. तुमी टोचलं त्याच राती घरी ठरलं. डाक्टर डोया काढतो म्हनले तं काढू द्यायचा, मान उकंड्याले. हळद लावून दोरा बांधूनच आनलं होतं त्याले तुमच्यापाशी. मी आपलं एक डाव इचारून पाह्यलं."

कडूबाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर डॉक्टरांना सोसला असता. समोर धुरळा उडाला होता, लोक देवाचं नाव घेत होते, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तो पिवळा दोरा होता. नुसतं विचारलं असतं! घरी काय ठरलंय, एवढंच. तोंड उघडायला काय झालं होतं? तोंड उघडलं नाही, कारण उत्तर नको होतं. परीक्षेसाठी माणूस हवा होता. हे त्यांना त्या ओट्यावर इतकं लख्ख कळलं की त्यांना मान वर करवेना.

"माझं चुकलं, कडूबा," ते म्हणाले. "मी तुझा डोळा माझ्या शोधासाठी ठेवला."

कडूबानं मान त्यांच्याकडे वळवली. त्याने चाचपडत त्यांचा हात धरला आणि थोपटला. बोलली ती झुंबरबाई, नवऱ्याकडे बोट करून, पण गाड्यांकडे बघत, हळूच.

"तुमच्या जागल्यानं घरची बाई कधी पाह्यली नव्हती, म्हून मारली. तुमी तं यायले पाह्यलं होतं, डाक्टरसाहेब."

डॉक्टरांनी मासिकाला पत्र लिहून रोग्याच्या नकाराचं ते वाक्य मागे घेतलं. खलबत्ता चालूच राहिला, कारण शोध तर लागायलाच हवा होता. पण त्यानंतर रोगी कुठलाही असो, डोळ्याला हात लावायच्या आधी ते विचारायचे, "घरी काय ठरवून आलात?" लोकांना गंमत वाटायची. साध्या रांजणवाडीलाही डाक्टर हेच इचारते, म्हणून पोरं त्यांची नक्कल करायची. डॉक्टर ती नक्कल ऐकून घ्यायचे. ज्याला विचारायचं होतं त्याला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.