बटणांची दीर्घिका

नजर गेली तशी आमच्या यांनी शाळाही सोडली. इतकी वर्षं मुलांना आकाश शिकवलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून रेडिओवर खेकसायचा. अंधशाळेच्या मुख्याध्यापिका बाई दोनदा घरी येऊन गेल्या. आमच्या मुलांना शिकवा, म्हणाल्या.

"मला दिसत नाही, त्यांना दिसत नाही. एकमेकांना काय दाखवायचं?" असं म्हणून यांनी त्यांना वाटेला लावलं.

बाईही चिवट. मी शिवणकाम करते हे कळल्यावर त्यांनी मलाच गळ घातली. बोटांनी समजतील अशा दीर्घिका कापडावर करून द्या, शिकवायला बघू दुसरं कुणी. मी लगेच हो म्हटलं. दीर्घिका मला काय कप्पाळ कळतात? सगळं यांनाच विचारावं लागणार होतं, आणि मला तेच हवं होतं.

सर्पिल दीर्घिका सोपी गेली. टोचऱ्या टिकल्यांचे वळत गेलेले हात, मधे मधे वायूच्या ढगांसाठी कापूस. लंबवर्तुळाकार दीर्घिकेने मात्र घाम फोडला. तिला हात नाहीत की वळणं नाहीत. मी आपले अंड्याच्या आकारात मणी भरले, थोडा कापूस लावला आणि हाताच्या सवयीने कडेला सुरेख पायपिंग केलं.

यांनी बोट फिरवलं आणि उसळलेच. "हे कुंपण कुणी घातलं?"

"कड मोकळी कशी सोडू? बरं दिसतं का ते?"

"तिला कड नसतेच! मध्ये तारे दाटीवाटीने, मग विरळ, मग आणखी विरळ. नेमकी कुठे संपली ते सांगता येत नाही. आणि तो कापूस काढ. वायू, धूळ जवळपास संपलेली असते. नवे तारे फारसे होतच नाहीत. सगळे म्हातारे, पिवळट तांबूस."

"म्हणजे मेलेलीच म्हणायची."

"मेलेली कशाने? अब्जावधी वर्षं जळतायत ते! मोठमोठ्या दीर्घिका एकमेकींत मिसळून अशी होते पुष्कळदा. जो तो तारा आपल्या वाटेने फिरतो, पण सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं."

असा आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मी वेड पांघरून प्रश्न विचारत राहिले. मधल्या कृष्णविवरासाठी, बोट आत जाईल असं काज केलं. म्हाताऱ्या ताऱ्यांना मणी शोभेनात, म्हणून झिजून गुळगुळीत झालेली बटणं लावली. डब्यातली संपली. कपाटात यांचे शाळेचे शर्ट वर्षभर घडीचे तसेच पडले होते. आता कोण घालणार, असं मनात आलं आणि कात्री चालवली.

दुपारी बाई कापडं न्यायला आल्या. "ही जरा सपाटच वाटते," त्या म्हणाल्या. "हिच्यात मुलांना काय सांगायचं?"

"डोळे मिटा बाई," हे म्हणाले आणि त्यांचं बोट धरून काजापासून बाहेर नेऊ लागले. "इथे दाटी. आता मोजकेच. आता थांबा, पुढचा शोधावा लागेल..." आणि हेच थांबले. यांचं स्वतःचं बोट एका टवका उडालेल्या बटणावर होतं. मग शेजारचं चाचपलं, मग त्याच्या पलीकडचं.

"ही माझ्या शाळेच्या शर्टांची," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला वाटलं, तुम्ही काही आता जायचे नाही."

ते त्या बटणावरून बोट फिरवत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मलाही तसंच वाटत होतं," ते हळूच म्हणाले. मग बाईंकडे वळले. "सोमवारी किती वाजता यायचं?"

"दहाला या, सर."

"येतो. पण माझे शर्ट तेवढे आधी हिच्याकडून तयार करून घ्या."

बाई हसल्या. मीही हसले आणि घाईने सुईत दोरा ओवायला बसले. डोळे इतके भरून आले होते की नेढं दिसेना.