येणारं पाणी

गुरुवारी चार वाजेपर्यंत फिकट निळ्याचा नमुना जुळला नाही, तर आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जाणार होतं. तान्ह्या मुलांच्या कपड्यांचं कापड होतं ते. यंत्रांवरच्या दहा लॉटपैकी सात त्यांचेच असत, त्यामुळे ते गेलं की कारखाना गेला, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. दोन लॉट आधीच परत आले होते. कापडभर ढगांसारखे डाग. गडद रंगात ते लपले असते. फिकट निळा काहीच लपवत नाही.

कारखाना आजोबांनी बांधला, चालवत होते काका, आणि प्रयोगशाळा माझ्याकडे होती. म्हणजे यंत्रांच्या हॉलला लागून एक काचेची खोली, त्यात तराजू, ओव्हन, बाटल्या आणि दोन रजिस्टरं. एकात रंगांच्या रेसिपी, दुसऱ्यात बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या चाचण्या. दुसरं रजिस्टर प्रदूषण मंडळाच्या तपासनिसासाठी.

मागच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लांट होता. त्याचा हवेचा पंप वीज फार खातो म्हणून साडेतीन वर्षांपूर्वी काकांनी तो बंद केला. तपासणीच्या आधी घाण खाणाऱ्या जंतूंचा तयार गाळ बाहेरून आणून चार दिवस तो चालू होई. एरवी रंगाचं, मिठाचं, सोड्याचं पाणी कुंपणाजवळच्या आटलेल्या बोअरमध्ये सोडलं जाई. मी रजिस्टरात फक्त तपासणीच्या दिवसांचे आकडे लिहीत असे. ते आकडे खरे होते.

बुधवारी सकाळी रंगमास्तर खोलीत आले. पहिला लॉट लावण्याआधी आवारातल्या विहिरीच्या नळाखाली ओंजळ धरायची आणि एक घोट चाखायचा, ही त्यांची पस्तीस वर्षांची सवय. आमचं सगळं पाणी त्याच विहिरीचं.

“ताई, मचूळ लागतंय. कालच्याहून जास्त.”

“मास्तर, मीठ जास्त पडलं का लॉटमध्ये?”

“मी कशाला जास्त टाकू? रेसिपी तुमची. दोन वर्षं सरड्यासारखी बदलतेय ती. एक पाठ करावी तर दुसरी हातात.”

ते गेल्यावर मी रेसिपीचं रजिस्टर मागून पुढे चाळलं. पाणी कडक असलं की रंग कापडात शिरण्याआधीच फुटतो. तो कडकपणा बांधून ठेवायला आम्ही एक पूड टाकतो. साडेतीन वर्षांपूर्वी लिटरला अर्धा ग्रॅम पुरत असे. मग पाऊण. मग एक, दीड, अडीच. परवाच्या लॉटला चार. प्रत्येक बदल माझ्या हातचा, खाली माझीच सही. शेड जरा सरकली की मी रेसिपी जरा सरकवायची, शेड जुळायची, आणि हॉलमध्ये सगळे म्हणायचे की ताईच्या हातात जादू आहे. मलाही ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी मास्तर म्हणाले होते की पाण्याची चव फिरलीय. तेव्हा मी म्हटलं होतं, “मास्तर, जीभ म्हणजे मीटर नव्हे.” तेव्हापासून अख्खा हॉल त्यांना मीटर म्हणतो. त्या दोन वर्षांत मी नळाखाली एकदाही बाटली धरली नव्हती. येणाऱ्या पाण्याला रजिस्टरच नव्हतं.

आता धरली. चाचणी साधी असते. पाण्यात सूचक टाकला की गुलाबी रंग येतो, वरून थेंब थेंब द्रावण सोडायचं, गुलाबीचा निळा झाला की थांबायचं. द्रावणाची खुणांची नळी, म्हणजे ब्युरेट, रिकामी झाली. पाणी गुलाबीच. पुन्हा भरली, तेव्हा कुठे निळं झालं. मग दहा लिटर विहिरीचं पाणी आटवत आटवत कपभर केलं आणि त्याचा थेंब गाळणकागदावर सोडला. कागद वाळला तेव्हा मधोमध पांढरा आणि कडेला बारीक, लालसर वळं. आमचाच लाल. गेल्या वर्षीच्या शेडकार्डातला.

काकांच्या केबिनमध्ये आजोबांनी जागा घेताना करून घेतलेला पाण्याचा अहवाल चौकटीत लावलेला आहे. कडकपणा चाळीस. त्याच्या खालीच, टेबलावर, मी गाळणकागद ठेवला.

“आज सहाशे वीस आहे, काका. आपण मागे ओततो, ते पुढून वर येतंय. मीठ मातीतला चुना सोडवतं, तो विहिरीत उतरतो.”

“प्राध्यापिकाबाई, मला उद्या चार वाजता नमुना हवाय. भाषण नकोय.”

“पूड आता चालणार नाही. जास्त टाकली की रंगच धरत नाही.”

“टँकर मागवू.”

“दिवसाला किती टँकर लागतील?”

त्यांना आकडा माझ्याआधी कळला होता. म्हणाले, “विजेचे वाचले म्हणून दर वर्षी किती खूश व्हायचो मी. हे दोन लॉट गेले ना, तेवढ्यात प्लांट सहा वर्षं चालला असता.” मग एकदम आवाज बदलून, “तुझ्याकडे डिस्टिल्ड वॉटर असतं ना? त्यात बनव नमुना. एक हातभर तर कापड.”

“आणि लॉट?”

“लॉटचं नंतर बघू. तुझ्या वडिलांमागे तुला शिकवलं कुणी, एवढं आठव.”

मी तो नमुना केला. इतका स्वच्छ निळा त्या खोलीत कित्येक महिन्यांत उतरला नव्हता.

गुरुवारी चारला त्या गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकारी काकांच्या केबिनमध्ये आल्या. त्यांनी नमुना खिडकीशी धरला, बोटांनी चोळला, ओल्या रुमालाने पुसून पाहिला.

“छान आहे. मोठ्या यंत्रावर हाच येईल?”

“येणारच की!” काका हसून म्हणाले. “आमची पुतणी आहे ना.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दारात मास्तर उभे होते. हा लॉट आला असता तो डागांसकट, आणि रेसिपीखाली पुन्हा माझीच सही.

“नाही येणार,” मी म्हटलं. “हा डिस्टिल्ड वॉटरमधला आहे. आमची विहीर नासलीय.” आणि गाळणकागद पुढे केला.

काका खुर्चीत मागे रेलले. “घरभेदी घरातलीच निघाली,” एवढंच म्हणाले.

खरेदी अधिकारी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली. “नदीपलीकडचा कारखाना आहे, त्यांचा दर तुमच्यापेक्षा जास्त असायचा. आम्ही हसायचो. ते आपलंच पाणी साफ करून पुन्हा वापरतात, मीठसुद्धा परत काढतात. यंदा त्यांचा दर तुमच्या खाली आलाय, आणि त्यांचा एकही लॉट परत गेलेला नाही.” जाताना निळा नमुना टेबलावरच राहिला.

काकांनी चौकटीतल्या अहवालाकडे पाहिलं. “थांबवलं सगळं, तर विहीर कधी सुधारेल?”

“पंधरा वर्षं. वीसही. नक्की सांगता येत नाही.”

“मी एकोणसत्तर वर्षांचा आहे.”

मास्तर दारातूनच म्हणाले, “शेठ, मी सांगितलं होतं.” त्यात टोमणा नव्हता. मग माझ्याकडे वळून, “तुम्हाला पण.”

“हो, मास्तर.”

महिनाभराने यंत्रं थांबली. त्याच आठवड्यात काकांनी प्लांटचा पंप चालू करायला लावला, आणि बंद करू नका म्हणून सांगितलं. मी रोज जाऊन बघते. टाकीत पाणी खदखदत असतं. टाकीत उरलेल्या सांडपाण्यावर घाण खाणारे जंतू तयार करायला तीन आठवडे लागले. सूक्ष्मदर्शकाखाली ते नीट हलताना दिसले. मास्तरांनीही डोळा लावून पाहिले. हॉलमधून सांडपाणी येत नाही, त्यामुळे आता ते जंतू उपाशी मरत आहेत.