माझ्या खिडकीतून मैदान दिसत नाही

मी एक जुना स्वयंपाकाचा ट्रेलर आहे. मला इंजिन नाही. कुणी ओढले तर जातो, सोडले तर उभा राहतो. सध्या उभा आहे.

मित्रांनो, ट्रेलर मागे घेताना चालक स्टिअरिंग उलटे फिरवतो. माझी पाठ डावीकडे न्यायची असेल तर तो उजवीकडे वळवतो. माझ्या आठवणीही तशाच मागे येतात, वाकड्या, दोन-तीनदा पुढेमागे करत. शिवाय मला तारखा कळत नाहीत, जेवणे कळतात. आमच्या पथकात दिवसाला चार जेवणे असत. सकाळचे, सरावाच्या मधले, कार्यक्रमाआधीचे आणि कार्यक्रमानंतरचे. म्हणून माझे आयुष्यही चार जेवणांत सांगतो. तिसरे आखूड आहे.

पहिले जेवण

जन्मलो तेव्हा माझ्या पोटात सोफे होते. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका फर्निचरवाल्याने मला बरीच वर्षे पिदडले आणि दार नीट लागेना तेव्हा गावातल्या पथकाला देऊन टाकले.

पथक म्हणजे पितळी वाद्ये, ढोल आणि झेंडे. बाविशीपर्यंतची मुले-मुली. सगळा उन्हाळा गावोगाव फिरायचे, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपायचे, दिवसभर उन्हात सराव करायचा आणि संध्याकाळी एखाद्या स्टेडियममध्ये दुसऱ्या पथकांशी स्पर्धा करायची. एवढ्या पोरांना हॉटेलात जेवू घालणे कुणाच्या बापाला परवडणारे नव्हते, म्हणून बापांनीच मला कापले. एकाने माझ्या कुशीत खिडकी पाडली. दुसऱ्याने बंद पडलेल्या खाणावळीतला भलामोठा तवा आणून बसवला. तिसऱ्याने नळ जोडला, तो पहिल्या दिवसापासून गळत राहिला.

चर्चच्या आवारात पहिल्या सकाळी पॅनकेक झाले. पहिला घाणा करपला. मुलांनी तोही खाल्ला आणि टाळ्या वाजवल्या. सोफ्यांनी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

रांगेत उभी असलेली ढोलवाली पोरे काठ्यांनी माझ्या अंगावरच सराव करीत. पत्र्याला पोचे पडले. कुणी ते ठोकून सरळ करू म्हणाले की स्वयंपाक करणारी बर्नडीन म्हणायची, "राहू दे. रांग पुढे सरकतेय की नाही, मला त्याच्यावरनं कळतं."

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. पथकाचा कार्यक्रम मी कधी पाहिला नाही. मैदान नेहमी पलीकडे, मी नेहमी स्टेडियमच्या मागे, वाहनतळावर. ते वाजवत असत तेव्हा माझ्यात चौथ्या जेवणाचे भांडे चुलीवर असे. मोठे ढोल एकदम पडले की चमचे थरथरत, तेवढ्यावरून मला कळे की आता शेवट आला, चीज किसायला घ्या.

दुसरे जेवण

बर्नडीन मुलाला पथकात सोडायला आली होती. मुलगा मोठा होऊन बाहेर पडला, ती माझ्यातच राहिली. ऑर्विल मला ओढणारा चालक. आणि मार्लिस पथकाची व्यवस्थापक. ती माझ्या मागच्या पायरीवर बसे. तिथे फोन लागतो आणि तिथून मुले जात नाहीत, म्हणून.

"हो, डिझेल," ती फोनवर म्हणे. "हो, परत डिझेल. नाही, मागचं डिझेल वेगळं."

मित्रांनो, टाळ्या पडतात तिथे पैसा दिसत नाही. बसचे भाडे, शाळांचे भाडे, विमा, गणवेश, ढोलांची पाने, आणि माझ्यातले धान्य, दूध, अंडी, मांस. मुलांच्या फीमधून अर्धे निघे. उरलेल्यासाठी मार्लिस हिवाळाभर दर शुक्रवारी पथकाच्या हॉलमध्ये बिंगोचे, म्हणजे पैसे लावून खेळायच्या हाऊजीचे, आकडे पुकारी. तिचा घसा त्यातच गेला. नव्या ट्रम्पेटवर नाव कोरून घ्यायला देणगीदार मिळतो. वंगणावर नाव कोरता येत नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात जिने आले. कार्यक्रमाचा देखावा बसवणाऱ्या तरुणाला मैदानावर उंच, चाकांचे, निळे जिने हवे होते.

"परीक्षकांना उंची लागते," तो म्हणाला.

"उंचीला आणखी काय लागतं?" मार्लिसने विचारले.

"एक ट्रक लागेल फक्त."

"फक्त," मार्लिस म्हणाली.

जिने आले. ट्रकही आला. त्याच महिन्यात ऑर्विल पायरीपाशी टोपी खाजवत उभा राहिला.

"मार्लिस, मागचं उजवं चाक रडतंय."

"किती?"

"तू बिलं उघडल्यावर रडतेस, साधारण तेवढं."

"मग चालेल. मी चालतेय ना."

"बेअरिंग बदलायला पाहिजे."

"पुढच्या वर्षी, ऑर्विल. पहिलं काम तेच."

ते चाक माझे होते. मला बोलता येत नाही, मी फक्त रडू शकत होतो, आणि ते मी मे महिन्यापासून करत होतो.

जुलैमध्ये मुले गळायला लागली. कुणाचा गुडघा, कुणाची राहिलेली फी. खिडकीशी सगळ्यात आधी येणारी इमानी मोठा ढोल वाजवायची. तिला बाविसावे लागले होते. म्हणजे हा तिचा शेवटचा उन्हाळा. बाविशी झाली की कितीही चांगले वाजवा, दार बंद.

"मिस बी, आज झेंडेवाल्यांतली एक घरी गेली," ती ताट पुढे करत बर्नडीनला म्हणाली. "तिचं चीज मला घाला."

"एकच चमचा, राणी. मागे रांग आहे. तिच्या जागी कोण उभं राहणार?"

"कुणी नाही. भोक तसंच ठेवायचं."

"आणि शेजारची सरकली तर?"

"तर सगळाच आकार बिघडतो. आम्ही भोकाच्या बाजूनं चालतो. ते आहे असं समजून." मग ती वाकून आत पाहत म्हणाली, "तुम्ही एवढं पण बघितलं नाहीत कधी?"

"मी कांदे बघते. हल पुढे."

इमानीचे एकच म्हणणे होते. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला शेवटची स्पर्धा असते, तिथे एकदा वाजवायचे आणि मग खुशाल म्हातारे व्हायचे. नंबर कितवाही येवो.

आता चूक. ही चूक फक्त पथकवालेच करू शकतात.

दर वर्षी आमचा एक मुक्काम ब्लूमिंग्टनला असे. इलिनॉयमधल्या. या वर्षी मार्लिसने स्वस्तातली शाळा धरली, तीही ब्लूमिंग्टनला. इंडियानातल्या, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या. बसवाल्यांना तिने पत्ता दिला. ऑर्विलला तिने नुसते "उद्या ब्लूमिंग्टन" म्हटले, कारण ती दमलेली होती, आणि ऑर्विलने नुसती मान हलवली, कारण तोही दमलेला होता.

सकाळी आम्ही ओळखीच्या शाळेच्या मागे ओळखीच्या झाडाखाली उभे राहिलो. बर्नडीनने तवा तापवला. कुणीच येईना. फक्त गवत कापणारा एक माणूस येऊन म्हणाला, "काय मिळतं तुमच्याकडे?"

ऑर्विलने फोन लावला.

"कुठे आहात तुम्ही?" मार्लिस म्हणाली.

"ब्लूमिंग्टनला."

"मी पण ब्लूमिंग्टनलाच आहे."

ऑर्विलने आजूबाजूला पाहिले. "तुझ्या ब्लूमिंग्टनात पोरं आहेत का?"

"आहेत. भुकेली."

"मग आम्ही दुसऱ्यात आहोत," ऑर्विल म्हणाला.

बर्नडीनने तवा विझवला. गवतवाल्याला एक पॅनकेक दिला. तिकडे मुलांनी दुकानातून आणलेला कोरडा नाश्ता खाल्ला, दुपारी पिझ्झा. आम्ही तिसऱ्या जेवणाला पोचायचे म्हणून ऑर्विलने उन्हात मला दामटले.

तिसरे जेवण

ते झाले नाही.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

दोन्ही बाजूंना मका, मध्ये रस्ता, कडेला मी. उजव्या चाकातून धूर. बेअरिंग वितळून आस खाऊन गेले होते. शीतपेटी बंद पडली आणि आतले मांस, दूध, अंडी उन्हात गेली. मला उचलून न्यायला मोठी क्रेन आली, तिचे भाडे मोठे. गॅरेजने आस बदलला, त्याचे बिल त्याहून मोठे. तोवर पथक रोज विकतचे जेवत होते.

मी खऱ्या ब्लूमिंग्टनला पोचलो तेव्हा मार्लिस पायरीवर येऊन बसली. फोन तिच्या हातात होता, पण ती कुणाशी बोलत नव्हती. बर्नडीन कांदे सोलत दारात आली.

"इंडियानापोलिस होत नाही," मार्लिस म्हणाली.

"अगं, तासाभरावर आहे इथनं."

"रस्त्यानं तासाभरावर. स्पर्धा दीड आठवड्यावर आहे. आणि पोरं रोज जेवतात, बर्नडीन."

"मग घरी जाऊ, तेव्हा परत येऊ."

"बसचे पैसे दोनदा."

"पालकांकडे माग."

"मागितले. जूनमध्ये. मग जुलैमध्ये." तिने चप्पल काढून पाय जमिनीवर ठेवले. "घरी पोचवण्याएवढं आहे. त्याला मी हात लावणार नाही. दुसऱ्यांची पोरं आहेत, रस्त्यात सोडता येत नाहीत."

"जिने विक."

"कोण घेतं जिने, जे कुठेच जात नाहीत?"

बर्नडीन हसली आणि मग हसायची थांबली. "त्यांना कोण सांगणार?"

"मी," मार्लिस म्हणाली. "जेवणाच्या वेळी."

चौथे जेवण

आमच्याकडे एक रीत होती. हंगामाच्या अगदी शेवटच्या चौथ्या जेवणाला बाविशीची मुले ॲप्रन बांधून माझ्यात चढत आणि सगळ्यांना वाढत. स्वयंपाकवाले त्या दिवशी बाहेर, रांगेत पहिले. हे एरवी इंडियानापोलिसला होई. दुसरीकडे कधी झाले नव्हते.

त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, म्हणून चौथे जेवण ऊन कलतानाच होते. रांग लागली. माझ्या अंगावर काठ्या वाजायला लागल्या. मार्लिस खिडकीच्या बाजूला उभी राहिली. हिवाळाभर आकडे पुकारणारी बाई, तिच्या घशातून आवाज निघेना.

इमानी ताट घेऊन पुढे आली. बर्नडीनने तिच्याकडे पाहिले, मार्लिसकडे पाहिले, आणि खुंटीवरचा ॲप्रन काढून खिडकीतून बाहेर धरला.

"हे काय, मिस बी?"

"आत ये."

"आज?"

"आज."

इमानीने मार्लिसकडे वळून पाहिले. मार्लिसने नजर चुकवली नाही, एवढेच तिला जमले. इमानीने ताट खाली ठेवले आणि ॲप्रनची गाठ मारायला लागली. गाठ दोनदा सुटली.

काठ्या थांबल्या. एक थांबली, मग तिच्या मागची, मग रांगेच्या टोकापर्यंत. माझ्या आयुष्यात पत्रा एवढा गप्प कधी झाला नव्हता. कुणी काही सांगितले नाही आणि सगळ्यांना कळले.

मग बाकीचे बाविशीवाले एकेक करून आत चढले. बर्नडीन उतरली आणि रांगेत पहिली उभी राहिली. इमानीने तिला वाढले.

"चीज आणखी घाल की," बर्नडीन म्हणाली.

"एकच चमचा, राणी. मागे रांग आहे."

कुणीतरी हसले. मग बरेच जण हसले, काही जण रडत असतानाच.

जेवणे झाल्यावर इमानी पायरीवर बसलेल्या मार्लिसपाशी गेली. मला वाटले, भांडेल. ती म्हणाली, "मिस बींनी आम्हाला बघितलेलं नाही."

"मी ऐकलंय," बर्नडीन आतून म्हणाली. "सगळं पाठ आहे मला."

"बघितलंय का?"

"खिडकी या बाजूला आहे ना बाई."

ऑर्विल ट्रकमध्ये चढला. त्याने मला मागे घेतले. डावीकडे न्यायला उजवीकडे, उजवीकडे न्यायला डावीकडे, गवतावरून, दोन-तीनदा पुढेमागे करत, आणि माझी खिडकी शाळेच्या मैदानासमोर आणून ठेवली. नवे चाक अजिबात रडले नाही.

जिने ट्रकमधून काढलेच नाहीत. गणवेश घातले नाहीत. पोरे घामट टी-शर्टमध्ये उभी राहिली आणि वाजवायला लागली.

मित्रांनो, मी ते पाहिले. इतकी वर्षे चमच्यांनी मला जे सांगितले होते त्याला हातपाय होते. पितळ उन्हात एकदम वळत होते. झेंडे वर जाऊन परत त्याच हातात येत होते. आणि मध्येच ती भोके. गेलेल्या मुलांच्या जागा. कुणी त्या बुजवल्या नव्हत्या. रांग वळली की भोकही वळत होते, रांग धावली की भोकही धावत होते, आणि शेजारची दोघे त्याला जागा देत चालत होती. गेलेल्या माणसालाही चालायला एवढी जागा मिळते, हे मला ठाऊक नव्हते.

शेवटी मोठे ढोल एकदम पडले. माझे चमचे थरथरले. चीज किसायला कुणीच उठले नाही.

बर्नडीन खिडकीत कोपरे टेकून उभी होती. मार्लिसचा फोन वाजला. तिने तो उलटा करून पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. पथक त्यानंतर बाहेर पडलेले नाही. मी हॉलच्या मागे आहे, चाकांत गवत उगवले आहे. नळ गळत नाही, कारण पाणी तोडले आहे. माझ्या अंगावरची सगळ्यात धडधाकट वस्तू म्हणजे ते मागचे उजवे चाक. मार्लिस अधूनमधून येते, पायरीवर बसते, पोच्यांवरून हात फिरवते आणि जाते. परवा ऑर्विल तिच्याबरोबर आला होता. त्याने चारही चाकांना वंगण दिले. कुठे जायचे आहे, ते कुणी बोलले नाही.

मित्रांनो, एखादे पथक वाजताना दिसले तर टाळ्या जरूर वाजवा. मग जरा मैदानाच्या मागे जा. तिथे एका खिडकीत दिवा असेल आणि कुणीतरी कांदे चिरत असेल. त्या माणसाला विचारा, यंदा कुठले चाक रडते आहे. तो सांगेल. त्यांना माहीत असते.

आणि मग, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणू नका.