बाकावरच्या दोघी

मृण्मयीनं संहितेच्या सातव्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची रेघ मारली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"पंधरा मिनिटांत नाटक होत नाही, सदाशिवराव."

"होतंय की हो. स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं." मराठी मंडळाचे चिटणीस सदाशिवराव नेहमीच्याच प्रेमळ आवाजात बोलत होते. "मुलांचं फॅन्सी ड्रेस वाढलं बघा. मत्ते, शिवाय तंबोला आहेच, बायका सोडत नाहीत. तुमचं जेवणाच्या आधी ठेवलंय. सगळी माणसं असतात तेव्हा."

चाळीस मिनिटांचं नाटक गेल्या आठवड्यात पंचवीसवर आलं होतं. आता पंधरा. तिनं फोन खाली ठेवला. शिलाई मशीनच्या पलीकडे भानुमती वही उघडून बसली होती.

"कुठलं काढलं?" तिनं विचारलं.

"सातवं पान. आठव्यातलं अर्धं."

भानुमतीनं आपल्या वहीत त्या ओळींभोवती चौकट केली. वहीत मराठी वाक्यं कन्नड अक्षरांत लिहिलेली होती. तिच्या माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे, एके काळी कापड रंगवणारे. घरात मराठी बोलत, पण ती वाचायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. देवराज मोहल्ल्यात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली ओढून तिथंच चार महिने तालीम चालली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहणार होती.

मृण्मयीचं तसं नव्हतं. पुण्यात तिनं अकरा वर्षं प्रायोगिक नाटक केलं होतं. नवऱ्याच्या, उपेंद्रच्या नोकरीमुळे दोघं इकडे आली, म्हैसूरबाहेर येलवालला घर घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली. येलवालमध्ये दोन मंगल कार्यालयं होती, एक जिम आणि कायम कुलूप असलेली वाचनालयाची खोली. शहरात कन्नड नाटकं होत, चांगली होत. ती जायची, निम्मं समजायचं, आणि परतताना बसमध्ये तिला रडू यायचं. मराठी माणसं भेटायची ती गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला आणि संक्रांतीच्या स्नेहसंमेलनाला. एकदा तिनं घरी वाचनाचा गट सुरू केला. पहिल्या वेळी सात जण आले, तिसऱ्या वेळी दोघी, आणि त्यांतल्या एकीनं विचारलं की वाचनाऐवजी दिवाळीच्या फराळाचं काही करता येईल का.

"पुण्याला जाऊन बघून येत जा ना एखादं नाटक," उपेंद्र म्हणायचा. त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तिला बघायचं नव्हतं, करायचं होतं.

या नाटकातही आधी चौघं होती. यशोधनला ऑफिसचं काम लागलं, रजनीच्या मुलीची परीक्षा आली. मग मृण्मयीनं सगळं नव्यानं लिहिलं. हॉस्पिटलातला बाक. आत आई शेवटच्या घटका मोजतेय. बाहेर बाकावर अकरा वर्षं न बोललेल्या दोन बहिणी. थोरली भानुमती, धाकटी मृण्मयी.

रविवारी मंडी मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये स्नेहसंमेलनाचं सगळं सकाळपासूनच लांबत गेलं. सत्कारालाच पाऊण तास लागला. नाटकाची घोषणा झाली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि स्वयंपाकघरातून सारूच्या, म्हणजे इथल्या रसमच्या फोडणीचा वास थेट स्टेजपर्यंत येत होता. बाक मिळालाच नव्हता. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून वर चादर टाकली होती.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. बरी म्हणजे, मृण्मयीला नंतरही कबूल करावं लागलं असतं, फार चांगली गेली. भानुमती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिचे कन्नड वळणाचे मराठी शब्द त्या थोरल्या बहिणीचेच वाटत होते. पुढच्या रांगांमधली कुजबुज थांबली. मग भानुमतीनं मान न वळवता विचारलं, "बाबा गेले तेव्हा तू का आली नाहीस?"

मृण्मयीनं उत्तरासाठी श्वास घेतला, आणि स्टेजखालून दुसरा माइक खरखरला.

"ऊटा तयार आहे, जेवायला चला. वयस्करांनी आधी बसून घ्यावं. नाटक चालू राहील."

खुर्च्या सरकल्या. एक रांग उठली, मग मागच्या तीन. कुणीतरी लांबच्या कुणालातरी जागा धर म्हणून ओरडलं. मृण्मयी त्या पाठींकडे बघत राहिली. मग ती उठली आणि विंगेतून सरळ आत निघून गेली.

आतल्या खोलीत तिनं ओल्या रुमालानं चेहरा खसाखसा पुसला. स्टेजवरून भानुमतीचा आवाज आला. तोच प्रश्न. थोड्या वेळानं पुन्हा तोच, जरा हळू. मग फक्त पंगतीतला गलका ऐकू येत राहिला.

भानुमती आली तेव्हा मृण्मयी पिशवी भरत होती.

"बघितलंत ना, भानुअक्का? पंधरा मिनिटं बसवत नाही यांना. चार महिने घालवले आपण. या गावात परत कधी काही करायचं नाही मला. इथं कुणाला काही नकोच आहे."

भानुमती स्टुलावर बसली. खांद्याची पिन काढून तिनं पदर मोकळा केला.

"मी तीनदा विचारलं," ती म्हणाली.

"कोण होतं ऐकायला?"

"पुढं चौघी होत्या बसून. मत्ते मागं दाराशी आमचे हे." ती पिन उघडत-मिटत राहिली. "घरात मी सांगितलंच नव्हतं. दुपारचं भजनाला जाते म्हटलेलं. काल सांगितलं, उद्या चला, बघा म्हणून. सगळे पानावर बसायला गेले तरी ते उभेच होते."

मृण्मयीचा हात पिशवीतच थांबला.

"माणसं जेवायला गेली," भानुमती म्हणाली. "एक वाजून गेलेला, जाणारच. पण तुम्ही कुठं गेलात?"

बाहेर कुणीतरी वाढप्याला हाक मारत होतं. मृण्मयीनं पिशवी खाली ठेवली.

"चला," शेवटी ती म्हणाली. "परत जाऊ. सुरुवातीपासून करू."

"आता तंबोला लावतात." भानुमती उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मृण्मयीला सोसवेना.

"मग मंगळवारी? दुकानात?"

"बघू," म्हणून भानुमती बाहेर गेली.

मृण्मयी बऱ्याच वेळानं पिशवी घेऊन निघाली. जेवणाच्या हॉलच्या दारात ती थांबली. दूर शेवटच्या पंगतीत भानुमतीचा नवरा नागेंद्र तिच्यासाठी शेजारची जागा धरून बसला होता. भानुमती बसली. नागेंद्रनं भात कालवता कालवता तिला काहीतरी विचारलं. तिनं समोरचं पान बाजूला सरकवलं, त्याच्याकडे वळली आणि बोलू लागली. मध्येच ती थांबायची, जरा सरकून बसायची, मान दुसरीकडे करून धाकट्या बहिणीच्या जागेवरून बोलायची.

नागेंद्रचा हात भातात तसाच राहिला होता. वाढपी सारू घेऊन आला, दोनदा विचारून पुढे गेला. नागेंद्रचं लक्षच नव्हतं.

मृण्मयी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथून काही ऐकू येत नव्हतं.