कोंबड्यांचे नमुने नेणारी निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. पोटात बर्फ घेऊन लस आणि नमुने थंड ठेवायचे, हे माझे काम. आता माझी एक कडी तुटली आहे आणि मी फार थकले आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या उज्वलाताई मला स्कूटरवर बांधून गावोगाव नेत. जनावरांची लस घेऊन मी आले की लोक कौतुकाने जवळ येत. पुढे नव्या पेट्या आल्या आणि मी माळ्यावर गेले.

मग एका हिवाळ्यात इगतपुरीजवळच्या एका वाडीत कोंबड्या पटापट मरू लागल्या. नव्या पेट्या पुरेनात, म्हणून मला खाली काढले. ताईंनी मेलेल्या कोंबड्यांचे नमुने माझ्यात ठेवले. पाच दिवसांनी तपासणीचा निकाल आला. बर्ड फ्लू! वाडीतल्या सगळ्याच कोंबड्या माराव्या लागणार होत्या.

वाडीतल्या नवसाबाई खुराड्याचे दार अडवून उभ्या राहिल्या. “माझ्या कोंबड्या धडधाकट हायेत. त्यांला का मारता?”

“मावशी, आज धडधाकट दिसतात, पण रोग त्यांच्यात शिरला असेल. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. तुमच्याकडे खुराडं कोण झाडतं?” ताईंनी विचारले.

नवसाबाईंनी मागे पाहिले. खुराडे झाडणारी त्यांची सून मैना दोन दिवस तापाने पडून होती.

त्यांनी स्वतःच खुराड्याचे दार उघडले. शेवटची कोंबडी देताना एवढेच म्हणाल्या, “हिला हळू धरा.”

मला धुऊन, नवा बर्फ भरून आरोग्य केंद्राच्या नर्सकडे दिले. मैनाच्या घशाचा नमुना मीच नेला. एवढीशी नळी, पण तेवढा जड प्रवास मी कधी केला नव्हता. चौथ्या दिवशी कळले, मैनाला साधा ताप होता. ताई ओट्यावर बसून सुटकेने रडल्या. पण कोंबड्या मारल्याच्या रागाने वाडीत त्यांना कुणी पाणीही विचारले नाही.

तरी त्या दर महिन्याला नवसाबाईंकडे जात राहिल्या.

यंदा फोन आला तो नवसाबाईंचाच. “ताई, वढ्याकाठी तीन कावळे मेलेत. कोणाला हात लावू दिला नाय. मी राखण करून बसलेय, तुम्ही या.”

मित्रांनो, मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, लपवूही नका. लगेच मोठ्यांना सांगा. आणि रोग थांबावा म्हणून ज्यांचे अंगण रिकामे झाले, त्यांच्याकडे पुन्हा जात राहा.