मधलं दार

"हात धुऊन ये आधी," मिल्ड्रेड दारातूनच म्हणाली. "साहेबांना घराबद्दल विचारायचंय, आणि पर्सीला काही सांगता येत नाहीये."

हेस्टरनं हात पोत्याला पुसले आणि मधल्या दारानं ती गोठ्यातून घरात आली. यॉर्कशरच्या त्या डोंगरात जुनी घरं अशीच. लांबलचक दगडी छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं. हेस्टर याच घरात जन्मली, लग्न राहून गेलं, आईवडिलांचं आणि शेवटी भाऊ सायलसचं आजारपण तिनंच काढलं. सायलसनं घर मुलाला, पर्सीला दिलं. मार्चमध्ये पर्सी बायकोला, मिल्ड्रेडला, घेऊन शहरातून आला आणि हेस्टरची खाट गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर गेली. "तात्पुरतं गं, आत्या," तो म्हणाला होता. आता नोव्हेंबर उजाडला होता.

क्रॅबट्रीसाहेब जुन्या घरांची नोंद करत हिंडत होते. त्यांनी बुजवलेल्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"खिडक्यांवर कर होता ना, तेव्हा बुजवली," हेस्टर म्हणाली. "ही भिंत सगळ्यात जुनी. दोन थर, मध्ये खडी, आणि जागोजागी एक लांब दगड आरपार. म्हणून टिकलीय." तिनं चुलीशेजारच्या दगडावर हात फिरवला. "हे खळगे सुऱ्यांना धार लावून पडलेत. वरचे आजीचे. हा खालचा माझा."

साहेब भराभर लिहीत होते. "घर पाठ आहे यांना. कोण या?"

"घराबरोबरच आलीय आमच्याकडे," मिल्ड्रेड म्हणाली. "जुनी मोलकरीण."

हेस्टरनं पर्सीकडे पाहिलं. तो चुलीतली राख उकरत राहिला.

गुरुवारी एनॉक गवंडी आला. बैठकीत शेणाचा वास येतो म्हणून मधलं दार बुजवायचं होतं. तो घराच्या बाजूनं रचत होता, हेस्टर गोठ्यातून बघत होती. काम गुडघ्याच्या वर आलं तशी ती म्हणाली, "एनॉक, आता आरपारचा दगड घाल. नाहीतर भिंतीला पोट सुटेल."

एनॉकनं पर्सीकडे पाहिलं.

"तिकडे असेल एखादा लांब, तर दे की, आत्या," पर्सी म्हणाला.

तिनं शोधून दिला. मग एनॉक मागेल तसा एकेक दगड तीच उचलून देत गेली. भिंत छातीपर्यंत आली, मग गळ्यापर्यंत. शेवटच्या फटीतून पर्सीचा हात आत आला. हातात तिचा स्वयंपाकाचा एप्रन होता.

"हा राहिला होता तुझा."

पाण्याचा पंप स्वयंपाकघरात होता. संध्याकाळी ती बादली घेऊन बाहेर पडली आणि पावसातून घराला सगळा वळसा घालून पुढच्या दाराशी आली. त्रेसष्ट वर्षांत हे दार तिनं कधी वाजवलं नव्हतं. तिनं बूट पायरीवर घासले आणि दोनदा कडी वाजवली.

"थांब जरा," आतून मिल्ड्रेडचा आवाज आला. "जेवतोय आम्ही."

हेस्टर रिकामी बादली हातात धरून थांबली.