धोट्यामागचे डोळे

अण्णांनी सकाळपासून शब्द काढला नव्हता, तरी आई खुशीत होती. माझं डोकं तापत होतं.

"पूर्णिमा, बघ गं," ती हातमागावरून म्हणाली. "धोट्यामागनं डोळं फिरवायल्यात. वळखायल्यात सगळं."

अण्णा म्हणजे माझे वडील, शहापुरातले जुने विणकर. काविळीनं लिव्हर गेलं आणि ते खाटेला खिळले. दारूला कधी शिवले नाहीत, तरी गल्ली दारूचंच बोलते; बोलू दे मेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, लिव्हर साफ करत नाही ते विष डोक्यात चढतं, बोलेनासे झाले की लगेच उचलून आणा. पण मागच्या खेपेला दवाखान्यात शेजारची खाट रिकामी झालेली आईनं पाहिली होती. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ती अंगावर यायची. आज अण्णांना उशीला टेकवून तीच विणायला बसली. आडव्या दोऱ्याचा धोटा डावीकडे गेला की अण्णांचे डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. क्षणभर मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात धागा तुटला. आई गाठ मारायला वाकली, माग थांबला. अण्णांचे डोळे मात्र संथपणे इकडून तिकडे फिरतच होते.

"आई, धोटा तुझ्या हातात हाय. मग अण्णा काय बघायल्यात?"

ती घाईनं पुन्हा विणू लागली. आधी अण्णांच्या तोंडाकडे बघायची, मग धोटा फेकायची. आता धोटाच डोळ्यांमागून पळत होता. एक दोरा चुकला तरी उसवणारी माझी आई कसंही विणत होती.

"थांब गं आई!"

"गप! बघायल्यात म्हटलं न्हवं!"

मी धोटा हिसकावला, अण्णांच्या डोळ्यांपुढून हळूहळू नेला. "अण्णा, तुमचा धोटा. बघा की वो!" डोळे त्याच्यावरून सरळ निघून गेले, तिथं काहीच नसल्यासारखे.

आईनं ते पाहिलं. मागावरून उतरली आणि उचलायला अण्णांचे पाय धरले. मी त्यांच्या काखेत हात घातले, शेजारच्या यल्लाप्पाला रिक्षा काढायला ओरडले.

रिक्षा खासबागेतून दवाखान्याकडे निघाली. अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्यांचे डोळे तळहातानं झाकले होते. तिला ते फिरणं बघवत नव्हतं.

"हाताखाली फिरायल्यात गं अजून," ती एकदम म्हणाली. "यल्लाप्पा, पळीव रं!" मग ती अण्णांच्या कानाशी वाकली. "थांबू नका वो, फिरवत ऱ्हावा डोळं... फिरवत ऱ्हावा."